तुटण्याआधी खबर देणारा दोर

बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या गल्लीत जुनी इमारत पाडून नवा टॉवर उभा राहत असतो. सळ्यांचा गठ्ठा दोन वायर रोपच्या स्लिंगमध्ये अडकवून क्रेन वर उचलते. रस्त्यावरचा माणूस क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुढे जातो. अंधेरीत मरोळच्या औद्योगिक वसाहतीत जड साचे उचलणारी क्रेन असो, घाटकोपरच्या सोसायटीतली लिफ्ट असो, की वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचा पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा केबलच्या आधारावरचा पूल असो, हा सगळा भार शेवटी पोलादी तारांवर येतो. तारा पिळून केलेला दोर दोनशे वर्षांपूर्वी उद्योगात कुठेच नव्हता. तो वापरात आणला जर्मनीतल्या एका खाण अधिकाऱ्याने. विल्हेल्म आल्बर्ट हे त्यांचे नाव.

आल्बर्ट यांचा जन्म २४ जानेवारी १७८७ रोजी हॅनोव्हर शहरात झाला. लहानपणी त्यांचा ओढा संगीताकडे होता. शिक्षण मात्र त्यांनी कायद्याचे घेतले, तेही गॉटिंगेनच्या नामांकित विद्यापीठात. पुढे हार्झ डोंगररांगांतल्या क्लाउस्थाल या गावी ते खाणखात्याच्या नोकरीत शिरले आणि वरच्या पदापर्यंत पोहोचले. त्यांचे उरलेले आयुष्य याच गावात गेले. अभियांत्रिकीची पदवी नसलेला हा माणूस कागदपत्रे सांभाळता सांभाळता यंत्रांच्या आणि साखळ्यांच्या अभ्यासात गुंतला, कारण खाणीतले रोजचे संकट त्यांच्या टेबलावर येत होते.

हार्झमध्ये चांदी आणि शिशाच्या खाणी होत्या. कित्येक शतके खणून त्या फार खोल गेल्या होत्या. धातुक वर काढण्यासाठी पाणचक्क्यांच्या जोरावर फिरणारी रहाटे होती. आपल्याकडे विहिरीवर बैल मोट ओढत, तेव्हा सारी मदार नाड्यावर असे. तसेच इथेही होते. फरक एवढाच, की ही विहीर शेकडो मीटर खोल होती. वाखाचा जाड दोर ओल्या खाणीत कुजायचा आणि त्याला जागाही खूप लागायची. लोखंडी साखळी कुजत नसे, पण ती भलतीच जड होती. खोली जसजशी वाढे, तसतशी रहाटाची बरीच ताकद साखळीचेच वजन उचलण्यात खर्ची पडे.

साखळीचा खरा दोष वेगळाच होता. ती न सांगता तुटे. साखळीत शंभर कड्या असल्या, तरी सगळा भार प्रत्येक कडीतून जातो. नव्व्याण्णव चांगल्या आणि एक नासकी, तर साखळीची ताकद त्या एका नासक्या कडीएवढीच. कडी जोडताना आत राहिलेली बारीक भेग वरून दिसत नाही. काल ज्या साखळीने भार नीट उचलला, ती आज तेवढ्याच भाराला तुटे आणि भरलेले पिंप खाली कोसळे.

कालचा भार पेलणारे लोखंड आज का तुटते, हे शोधायला आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास एक यंत्र उभारले. पाणचक्कीला जोडलेल्या दांड्याने साखळीवर पुन्हा पुन्हा ताण द्यायचा, मिनिटाला दहा वेळा, आणि तोही एक लाख वेळांपर्यंत. या गतीने एक लाखाचा आकडा गाठायला जवळजवळ सात दिवस आणि सात रात्री लागतात. तोवर ताकद तपासायची पद्धत साधी होती: एकदाच मोठा भार टांगायचा आणि टिकले की पास करायचे. खाणीत मात्र साखळी एकदा नव्हे, हजारो वेळा ताणली जाते. वापरातला खरा भाग घेऊन त्याला वापरातलाच त्रास द्यायचा, हा विचार नवा होता. धातू वारंवारच्या ताणाने थकतो, हे आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्या काळी धातूच्या ‘थकव्या’साठी हा शब्दही रूढ झाला नव्हता. या शास्त्राचा इतिहास लिहिताना सुरुवात बहुधा आल्बर्ट यांच्या याच प्रयोगांपासून करतात.

चाचण्यांनी साखळीचा दोष उघडा पाडला, पण उपाय अजून हवा होता. तो आल्बर्ट यांना दोर वळणाऱ्यांच्या जुन्या कलेत सापडला. वाखाच्या जागी त्यांनी लोखंडी तार घेतली. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या चार तारा एकत्र पिळून एक पदर केला आणि असे तीन पदर पुन्हा पिळून बारा तारांचा दोर केला. हे सारे काम हातांनी झाले. २३ जुलै १८३४ रोजी क्लाउस्थालच्या कॅरोलीन खाणीत, पाचशे मीटरच्या जवळपास खोल विवरात, हा दोर कामाला लागला. साखळीपेक्षा तो कितीतरी हलका होता, त्यामुळे तेवढ्याच पाण्यावर जास्त माल वर येऊ लागला.

पीळ ही या दोरातली खरी युक्ती होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाबद्दल नाराजीने म्हणतो. तारेच्या दोराची मात्र सगळी पुण्याई या पिळात आहे. एक तार तुटली, की तिचा भार शेजारच्या तारांवर जातो. पिळामुळे तारा एकमेकींना घट्ट दाबून धरतात, म्हणून तुटलेली तारही थोड्या अंतरावर घर्षणाने पुन्हा आपला वाटा उचलू लागते. दोर लगेच तुटत नाही. आधी एक तार जाते, मग दुसरी, मग तिसरी. तुटलेली टोके बाहेर डोकावतात, हाताला टोचतात, डोळ्यांना दिसतात. साखळी जे अखेरपर्यंत लपवून ठेवते, ते हा दोर आधी सांगतो. अट एकच आहे, कोणीतरी रोज त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

याचा फायदा खाणकामगारांच्या शरीरालाही झाला. दिवसभर खोदकाम केल्यावर त्यांना शेकडो मीटरच्या शिड्या चढून वर यावे लागे. दमछाक होई, छाती भरून येई, वय झालेल्या माणसाला खोल खाणीत काम करणेच अशक्य होई. हार्झमध्येच १८३३ साली डोरेल या अधिकाऱ्याने वर-खाली हलणाऱ्या दांड्यांची एक सोय काढली. एका दांड्याच्या पायरीवरून दुसऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकत कामगार न चढताच वर येई. १८३७ साली जवळच्या सांक्ट आंद्रेआसबर्ग गावातल्या सॅमसन खाणीत अशी सोय तारेच्या दोरांवर बसवली गेली. आता त्या दोरांवर मालाऐवजी माणसांचे जीव होते.

१८३५ साली आल्बर्ट यांनी दोर कसा वळायचा, हे छापून सर्वांसाठी खुले केले. युरोपभरच्या खाणींनी तो उचलला. १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये यंत्रावर दोर वळणे सुरू झाले आणि अमेरिकेत जॉन रोबलिंग यांनी त्याचा कारखाना काढला. ४ जुलै १८४६ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आल्बर्ट यांचे क्लाउस्थाल येथेच निधन झाले. एका तारखेने पाहिले तर त्यांच्या दोराचा जन्म आणि त्यांचा मृत्यू यांत बारा वर्षेही पुरी झाली नव्हती.

तपासणीविना दोर किती घातक ठरतो, याचा धडा पुढे न्यूयॉर्कमध्ये मिळाला. जॉन रोबलिंग यांनी आखलेला ब्रुकलिनचा झुलता पूल त्यांचे पुत्र वॉशिंग्टन बांधत होते. तारेच्या प्रत्येक खेपेची तपासणी होत होती. तरीही १८७८ साली उघड झाले, की पुरवठादार लॉइड हेग पास झालेली तार वाटेतच बदलून नापास झालेली तार पुलावर पाठवत होता. निकृष्ट तार तोवर केबलमध्ये वळली गेली होती. ती काढणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक केबलमध्ये दीडशे चांगल्या तारा जादा घातल्या. आधीच गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ताकद धरलेली होती, म्हणून पूल वाचला आणि आजही उभा आहे. कागदावरचा शिक्का खरा होता, पण तो ज्या तारेवर मारला ती तार पुलावर नव्हती.

मुंबईच्या उपनगरांत हा धडा रोज कामाला येतो. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने क्रेन, साखळ्या, दोर आणि उचलण्याच्या साऱ्या साधनांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी सक्तीची केली. तिची नोंद वहीत ठेवायची, प्रत्येक साधनावर ओळखक्रमांक आणि सुरक्षित भार ठळक लिहायचा आणि त्याहून जास्त भार उचलायचा नाही, असे ते कलम सांगत असे. वरून फिरणाऱ्या क्रेनच्या रुळाजवळ कोणी काम करत असेल, तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ द्यायची नाही, हेही त्यातच होते.

पण बारा महिने हा मोठा काळ आहे. जूनमध्ये पास झालेली स्लिंग ऑगस्टमध्ये भाराच्या धारदार कडेवर दबून निकामी होऊ शकते. म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वी रिगरने ती पाहणे सर्वांत महत्त्वाचे. पाहायचे काय, हे ठरलेले आहे. पिळाचा एक पूर्ण वेढा धरायचा आणि तुटलेल्या तारा मोजायच्या. एका प्रचलित नियमानुसार एका वेढ्यात विखुरलेल्या दहा किंवा एकाच पदरात पाच तारा तुटलेल्या आढळल्या, तर स्लिंग बाद. दोरावरून उघडा हात कधीच फिरवायचा नाही, तुटलेले टोक तळहातात शिरते. जाड हातमोजे घालून कापड फिरवले, की ते टोकाला अडकते. दोराची जाडी व्हर्निअर कॅलिपरने पदरांच्या माथ्यांवरून मोजायची. ती कमी झाली असेल, तर आतून झीज किंवा गंज आहे. दोर चेमटलेला, गाठ पडल्यासारखा वाकलेला, पिंजऱ्यासारखा फुगलेला किंवा उष्णतेने रंग बदललेला असेल, तर तो वापरायचा नाही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथे गंज आतून धरतो, म्हणून वंगण आणि कोरडी जागा हवीच. बाद स्लिंग कोपऱ्यात टाकून चालत नाही, ती कापून टाकावी लागते. नाहीतर घाईच्या दिवशी कोणीतरी तीच उचलतो.

चांगली स्लिंगही चुकीच्या कोनात धोकादायक होते. एक टन भार दोन स्लिंगांनी सरळ उभा टांगला, तर प्रत्येकीवर पाचशे किलोचा ताण येतो. स्लिंग आडव्या रेषेशी साठ अंशांवर असेल, तर तो सुमारे ५८० किलो होतो, पंचेचाळीस अंशांवर सुमारे ७१० आणि तीस अंशांवर पूर्ण एक हजार किलो. म्हणजे भार तेवढाच राहतो आणि ताण दुप्पट होतो. स्लिंगची तुटण्याची ताकद सर्वसाधारणपणे सुरक्षित भाराच्या पाचपट धरतात, ती अशाच चुकांसाठी, हिसक्यांसाठी आणि न दिसलेल्या गंजासाठी. ती जादा भार उचलायची परवानगी नव्हे.

सोसायटीच्या लिफ्टमध्येही हेच शास्त्र आहे. तिथे एकाऐवजी अनेक दोर असतात. तपासणीच्या दिवशी लिफ्ट दोन तास बंद राहिली, की जिन्यावर कुरकुर सुरू होते. ते दोन तास म्हणजे आल्बर्ट यांच्या पाणचक्कीच्या सात दिवस-रात्रींचा छोटासा हप्ता. सळ्यांच्या गठ्ठ्याखालून कोणी जाऊ नये म्हणून शिटी वाजवणारा खलाशी आणि सकाळी कापड घेऊन स्लिंगवरून हात फिरवणारा रिगर हीच परंपरा चालवतात. दोर आपली खबर देतच असतो. ती वेळेवर वाचली, तर संध्याकाळी माणसे घरी पोहोचतात.