न्यायमूर्ती रानडे आणि पुण्याचा उन्हाळा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे असा संपादक-भगिनींचा निरोप आला, तेव्हा मला विषय शोधत बसावे लागले नाही. गेल्या वार्षिक सभेत आपली उन्हाळी व्याख्यानमाला चालू ठेवावी की बंद करावी, यावर बराच वेळ बोलणे झाले. श्रोत्यांची संख्या रोडावते आहे, वक्ते मिळवताना चिटणीसांची दमछाक होते, मे महिन्यात प्रत्येकीच्या घरी पाहुण्यांची वर्दळ असते, आणि शिवाय हवे ते व्याख्यान आता घरबसल्या फोनवर ऐकता येते, अशी कारणे पुढे आली. यांतले एकही कारण खोटे नाही. निर्णय पुढच्या सभेवर सोपवला आहे. तो घेण्यापूर्वी, ज्या थोर पुरुषाने आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीला ज्ञानसत्राचे रूप दिले, त्याच्या चरित्राकडे मैत्रिणींनी एकवार पाहावे, एवढ्याच हेतूने मी लेखणी हाती घेतली आहे. ते पुरुष म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, त्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी हा मुलगा अंगाने स्थूल, स्वभावाने अबोल; घरच्या माणसांना तो काहीसा मंदच वाटे. पुढे शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि त्या मंद दिसणाऱ्या मुलाच्या बुद्धीचे तेज सर्वांना दिसू लागले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे होते. १८६२ साली ते पदवीधर झाले. अतोनात वाचनाने त्यांचे डोळे तरुणपणीच अधू झाले. ती पीडा जन्मभर राहिली आणि पुढे कित्येकदा दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्यांना आपले काम करावे लागले. ज्ञान ऐकूनही मिळवता येते, हे त्यांना असे स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

१८७१ साली न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले. सार्वजनिक सभेची स्थापना आदल्याच वर्षी, १८७० मध्ये, झाली होती. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी हे तिचे प्राण होते. रानडे सरकारी नोकर, त्यामुळे पुढे येऊन मिरवण्याची त्यांना सोय नव्हती आणि हौसही नव्हती. परंतु सभेमागची बुद्धी त्यांची असे, हे पुण्यात सर्वांना माहीत होते. पेशवाई जाऊन अर्धशतक उलटले होते. शहरात विद्वान होते, इनामदार होते, नव्या शाळांतून शिकून निघालेले तरुण होते. मात्र या सर्वांनी एका जागी बसून एखाद्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा, अशी जागा नव्हती. कीर्तन होते, पुराण होते, पण तेथे श्रोत्याने फक्त ऐकायचे. एकाने मांडावे, दुसऱ्याने शंका काढावी, तिसऱ्याने तिचे निरसन करावे, आणि तरीही सर्वांनी मित्र म्हणून घरी जावे, ही रीत आपल्याला अजून शिकायची होती.

ती शिकवण्यासाठी रानड्यांनी उन्हाळा निवडला, यात त्यांचे व्यवहारज्ञान दिसते. उन्हाळ्यात न्यायकचेऱ्यांना सुटी असे, शाळा-पाठशाळा बंद असत, आणि परगावी नोकरीवर असलेली मंडळी घरी परतलेली असत. दुपारच्या उन्हात बाहेर पडवत नाही, पण दिवस कलला की वारा सुटतो आणि माणसाला चार माणसांत जाऊन बसावेसे वाटते. वर्षभर जी मंडळी एकमेकांच्या दृष्टीस पडत नाहीत, ती या महिन्या-दीड महिन्यात एका शहरात सापडतात. १८७५ साली रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती याच दिवसांत. आपण ज्या दिवसांना उकाड्याचे म्हणून नावे ठेवतो, ते त्यांनी वसंताचे म्हणून पाहिले. इतिहास, समाजस्थिती, अर्थकारण, धर्म, वाङ्मय अशा विषयांवर मराठीतून बोलायचे आणि ते ज्याला विद्यापीठाचा उंबरठा चढता आला नाही त्यानेही ऐकायचे, ही यामागची दृष्टी होती. तरुणांना नीट बोलता यावे म्हणून वक्तृत्वाला उत्तेजन देण्याचा उद्योगही त्याच मंडळींनी चालवला. वक्तृत्वोत्तेजक सभा हे नाव त्यातूनच आले आणि ही व्याख्यानमाला त्या सभेच्याच नावाने ओळखली जाते.

यात सर्व काही गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नये. त्याच वर्षी, पावसाळ्यात, स्वामी दयानंद सरस्वतींची पुण्यात व्याख्याने झाली आणि अखेरीस त्यांची मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढून तिची थट्टा केली आणि चिखलफेक केली. महात्मा फुले आपल्या सहकाऱ्यांसह मिरवणुकीच्या मदतीला आले होते. मिरवणुकीत चालणाऱ्या रानड्यांच्या अंगावरही चिखल उडाला. न्यायासनावर बसणारा माणूस मनात आणता तर कोणालाही अद्दल घडवू शकला असता. त्यांनी तसे काही केले नाही. विचार मांडायला जो बाहेर पडतो त्याला हे सोसावेच लागते, असे मानून ते दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागले.

तीन वर्षांनी याच उन्हाळ्याने मराठी भाषेला आणखी एक देणगी दिली. मराठीत ग्रंथ लिहिणारे लोक तेव्हा ठिकठिकाणी विखुरलेले होते. कोण काय लिहितो आहे याचा एकमेकांना पत्ता नसे, आणि छापलेले पुस्तक विकत घेणारा वाचकही विरळाच. रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी पुढाकार घेऊन ग्रंथकारांना एकत्र बोलावले. ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत, पेशव्यांच्या वेळच्या त्या बागेत, हे पहिले ग्रंथकार संमेलन भरले आणि रानडे त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी त्यांची नाशिकला बदली झाली होती. म्हणजे दमलेल्या न्यायाधीशाने विश्रांती घ्यावी असे जे दिवस, ते त्यांनी पुण्यात ग्रंथकारांच्या सभेसाठी दिले. पुढच्या वर्षीचा उन्हाळा तर फार कठीण आला. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार बिथरले होते, आणि पुण्याच्या सर्वच पुढाऱ्यांवर संशयाची नजर होती. रानड्यांना सुटी पुरी होण्याआधीच धुळ्यास जाण्याचा हुकूम झाला. तेथे त्यांच्या टपालावरही पाळत होती. त्यांनी कोणाकडे तक्रार केली नाही. चार माणसांना एकत्र बसवून विचार करायला लावणे किती धोक्याचे समजले जाई, ते यावरून कळते.

दुसरे ग्रंथकार संमेलन २४ मे १८८५ रोजी, पुन्हा उन्हाळ्यात आणि पुन्हा पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. या संमेलनाचे निमंत्रण रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवले होते. फुल्यांनी ते नाकारले. जे सर्व माणसांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसायचा नाही, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ होता. रानड्यांचे चरित्र सांगताना हे पत्र वगळून चालणार नाही. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी मिरवणुकीत साथ दिली त्यांनीच हा आरसा समोर धरला होता. व्यासपीठ उभारले म्हणजे ते सर्वांचे झाले असे होत नाही. कोण बाहेर राहिले, हे प्रत्येक वेळी मोजून पाहावे लागते.

आणि त्या काळी बाहेर राहिलेल्यांत आपणही होतो. येथे रमाबाईंची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. रानड्यांची पहिली पत्नी सखुबाई १८७३ साली वारल्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा सुधारक आता विधवेशी विवाह करील अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यावेळी त्यांचे वय ३१ होते. लोकांनी त्यांना बोल लावला, आणि तो अनाठायी होता असे मला वाटत नाही. मात्र त्यांनी त्या मुलीला घरकामाला जुंपून ठेवले नाही. रात्री कामे आटोपली की पाटीवर मुळाक्षरांपासून धडे सुरू झाले. पुढे मराठी वाचन आले, त्यानंतर इंग्रजी आले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते. अभ्यास म्हणजे सासरच्या रीतीचा अपमान, अशी त्यांची समजूत होती, आणि त्याची टोचणी रमाबाईंना उठता-बसता सोसावी लागे.

१८८२ च्या उन्हाळ्यात पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांची विद्वत्ता ऐकून शहर थक्क झाले. रानडे, भांडारकर आदींच्या पाठिंब्याने त्यांनी स्त्रियांसाठी आर्य महिला समाज काढला आणि दर आठवड्याला बायका एकत्र जमू लागल्या. रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या तेव्हा घरी अधिकच वादळ उठले. १८८४ साली मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी पुण्यात सभा भरली. तीत रमाबाईंनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवले. सभेत कौतुक झाले. घरी मात्र बोलणी खावी लागली. भर सभेत, परक्या पुरुषांसमोर, इंग्रजी वाचणारी सून कोणाला हवी होती? रानड्यांनी पत्नीला उलट बोलू नये, सोसावे आणि काम सोडू नये, एवढेच शिकवले. आजच्या मुलींना हा उपदेश अपुरा वाटेल. मलाही कधीकधी वाटतो, कारण चार शब्द घरातल्यांनाही सुनावता आले असते. पण ज्या मागणीसाठी ते निवेदन वाचले गेले, ती त्याच वर्षी पुरी झाली आणि पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. आपण ज्याला हुजूरपागा म्हणतो तीच ती शाळा.

१८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. तेथेही सामाजिक परिषद, मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन, विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे यासाठीची खटपट, ही कामे चालूच राहिली. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही अलीकडे होत्या. काही काळ दुःखात गेल्यावर त्या बाहेर पडल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि १९०९ साली पुण्यात त्यांनी सेवासदन सुरू केले. कित्येक निराधार बायका तेथे शिकून परिचारिका, शिक्षिका झाल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. रात्रीच्या दिव्याखाली पाटीवर गिरवलेल्या त्या अक्षरांचे हे फळ होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळते. १८८५ नंतर ग्रंथकारांचे संमेलन थांबले. तिसरे भरायला १९०५ साल उजाडले आणि तेही साताऱ्यास. एकदा मोडलेली घडी पुन्हा बसायला वीस वर्षे लागली. उलट वसंत व्याख्यानमाला पुढच्या पिढ्यांनी जपली आणि ती आजही पुण्यात उन्हाळ्यात भरते. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, बसल्या त्या १९६१ साली, ग्वाल्हेर येथे. हिराबागेतील पहिल्या संमेलनाला तेव्हा ८३ वर्षे होऊन गेली होती. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीत तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या. या जागा कोणी पाठवून दिल्या नाहीत. कोठेतरी, कोणत्या तरी उन्हाळ्यात, मूठभर बायका सतरंजीवर बसून ऐकत राहिल्या, पुढे बोलू लागल्या, म्हणून त्या मिळाल्या.

फोनवर व्याख्यान ऐकता येते हे खरे. पण फोनला शंका विचारता येत नाही आणि शेजारी बसलेल्या बाईच्या डोळ्यांतले पाणी त्यात दिसत नाही. आपल्या व्याख्यानमालेत गेल्या वर्षी तीस-पस्तीसच श्रोते होते, तर वेळ बदलावी, दिवस कमी करावेत, वक्ते बाहेरून आणण्याऐवजी आपल्यातूनच उभे करावेत. घरकामाला येणाऱ्या भगिनींना आणि वस्तीतल्या मुलींना पहिल्या रांगेत बसवावे, म्हणजे जोतीरावांच्या त्या पत्राला थोडे तरी उत्तर दिल्यासारखे होईल. हे सारे करून पाहिल्यावरही सतरंजी रिकामी राहिली, तर खुशाल बंद करण्याचा ठराव आणावा. त्याआधी नको, एवढे माझे मत मी पुढच्या सभेत मांडणार आहे, आणि भगिनींनी त्याला अनुमोदन द्यावे अशी विनंती करून हा लेख पुरा करते.