सर जेम्स पॅजेट : नजर आणि नेकी

अंगावर लालसर चट्टा उठला, खाज सुटली, की आपण त्याला नायटा किंवा इसब म्हणतो आणि दुकानातून मलम आणून लावतो. बहुतेक वेळा ते बरेही होते. पण जो चट्टा महिनोन्महिने हटत नाही, त्याच्या आड कधीकधी कर्करोग दडलेला असतो, हे ज्यांनी जगाला प्रथम नीट समजावून दिले ते इंग्रज शल्यवैद्य म्हणजे सर जेम्स पॅजेट. त्यांचे जीवन विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही वाचावे असे आहे.

पॅजेट यांचा जन्म ११ जानेवारी १८१४ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील यारमथ या बंदराच्या गावी झाला. घरात १७ भावंडे जन्मली. त्यांतील अनेक लहानपणीच दगावली. वडिलांचा मद्यनिर्मितीचा आणि जहाजांचा मोठा धंदा होता. परंतु पुढे धंदा बसला आणि घरावर कर्जाचा डोंगर झाला. त्यामुळे थोरल्या भावांना मिळाले तसे शिक्षण जेम्स यांच्या वाट्याला आले नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी ते गावातील एका वैद्याकडे उमेदवारी करू लागले. तेथील सुमारे साडेचार वर्षे त्यांनी वाया घालविली नाहीत. फावल्या वेळात रानोमाळ हिंडून त्यांनी वनस्पती गोळा केल्या आणि आपल्या भावाबरोबर यारमथच्या निसर्गाविषयी एक पुस्तकही प्रसिद्ध केले. पाहण्याची, टिपून ठेवण्याची आणि वर्गवारी करण्याची सवय त्यांना येथेच लागली.

१८३४ साली ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाले. दुसऱ्याच वर्षी, १८३५ च्या फेब्रुवारीत, शवविच्छेदन करताना एका प्रेताच्या स्नायूंत त्यांना बारीक पांढरे ठिपके दिसले. असे ठिपके इतरांनीही पाहिले होते. पण हाडाचे कण समजून ते सोडून देत. पॅजेट यांनी सोडले नाहीत. रुग्णालयात सूक्ष्मदर्शक नव्हता, म्हणून ते ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिपके तपासले. प्रत्येक ठिपक्यात एक वेटोळे घातलेला जंत होता! तोच आज ट्रिकिनेला या नावाने ओळखला जातो. त्या वेळी पॅजेट अवघे एकवीस वर्षांचे होते.

हुशारी असूनही पुढची वाट सोपी नव्हती. वरच्या जागेसाठी लागणारा पैसा नव्हता, ओळख नव्हती. वैद्यकीय नियतकालिकांसाठी लेखन करणे, भाषांतरे करणे, रुग्णालयाच्या संग्रहालयातील नमुने लावणे आणि त्यांची सूची तयार करणे अशी कामे करून त्यांनी कित्येक वर्षे काढली. लग्नही बराच काळ लांबणीवर टाकावे लागले. ते १८४४ साली झाले. मात्र याच नमुन्यांच्या बरण्यांमध्ये त्यांना विकृतिशास्त्राचे खरे शिक्षण मिळाले. रोग्याच्या शरीरात बाहेर जे दिसते आणि आत जे घडते त्यांची सांगड घालणे हे त्यांचे आयुष्यभराचे कार्य ठरले. १८५१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे त्यांना राणी व्हिक्टोरिया यांच्या शल्यवैद्यांमध्ये स्थान मिळाले आणि १८७१ साली बॅरोनेट हा किताब मिळाला.

प्राप्ती वाढली तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या भावाने प्रथम काय केले? वडिलांचे कर्ज फेडले. धंदा बुडालेला, धनको विखुरलेले. तरीही अनेक वर्षे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ते देणे चुकते केले. त्यांच्या विद्वत्तेइतकीच ही नेकीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८७४ साली पॅजेट यांनी एक छोटासा निबंध लिहिला. सुमारे १५ स्त्रियांच्या स्तनाग्रावर त्यांना लाल, ओलसर, इसबासारखा चट्टा आढळला होता. नेहमीच्या उपचारांनी तो बरा होत नव्हता. या प्रत्येक स्त्रीला फार तर दोन वर्षांत, बहुधा एका वर्षातच, स्तनाचा कर्करोग झाला. शरीराच्या दुसऱ्या भागावरही असे घडू शकते, हे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले. १८८९ साली रॅडक्लिफ क्रॉकर यांनी पुरुषाच्या जननेंद्रियावर हाच विकार झाल्याचे वर्णन केले आणि पॅजेट यांचे म्हणणे खरे ठरले.

स्तनाबाहेरचा हा पॅजेट विकार फार विरळा आहे. विशिष्ट प्रकारच्या घर्मग्रंथी जेथे दाट असतात, त्या गुह्यांगावर, गुदद्वाराजवळ, क्वचित काखेत तो होतो. त्याचा उगम नेमका कोणत्या पेशीत, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरी घर्मग्रंथींशी नाते असलेल्या कर्करोगांत त्याची चर्चा होते. तो बहुधा उतारवयात होतो आणि हळूहळू पसरतो. दिसायला नायट्यासारखा असल्याने मलमांवर वर्षे निघून जातात. शिवाय जागा अशी, की माणूस लाजेने डॉक्टरांना दाखवीत नाही. आपल्याकडे स्त्रिया तर घरातही बोलत नाहीत. केवळ डोळ्यांनी पाहून निदान होत नाही. त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मोठ्या, फिकट रंगाच्या ‘पॅजेट पेशी’ दिसतात. विशेष रंजक प्रक्रियांनी त्यांची ओळख पक्की करतात. कधीकधी या चट्ट्यामागे मोठे आतडे वा मूत्राशय यांचाही कर्करोग असतो, म्हणून तीही तपासणी करतात. वेळीच, त्वचेच्या वरच्या थरात असताना सापडला, तर शस्त्रक्रियेने तो बरा होण्याची आशा मोठी असते. उशीर झाला तर तो खोल उतरतो.

३० डिसेंबर १८९९ रोजी पॅजेट यांचे लंडन येथे निधन झाले. हाडांच्या एका विकारालाही त्यांचेच नाव आहे; १८७७ साली त्याचे वर्णन करण्यापूर्वी एका रुग्णावर त्यांनी सुमारे वीस वर्षे लक्ष ठेवले होते.

विद्यार्थी मित्रांनो, पॅजेट यांच्यापाशी फारसे धन नव्हते, थोर शाळेचा शिक्का नव्हता. होती ती फक्त पाहण्याची चिकाटी. सर्वांनी जे पाहिले तेच त्यांनी पाहिले, पण ते थांबून पाहिले. आणि पालकांना एकच विनंती : घरातील वडीलधाऱ्या माणसाचा चट्टा दोन-तीन महिने औषध लावूनही हटत नसेल, तर मलमाची नवी डबी आणण्याऐवजी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि तुकडा तपासावा का, हे निःसंकोच विचारावे. लाज बाळगून लपविलेला रोग थांबत नाही. तो फक्त वेळ मिळवितो.