शांतिब्रह्म संत एकनाथ

मृगाचा पहिला शिडकावा होताच घाईने पेरणी करावी आणि नंतर पावसाने दडी मारावी, हे आमच्या दिग्रस भागातील शेतकऱ्याला नवीन नाही. उतावळेपणाची किंमत दुबार पेरणीने मोजावी लागते. याउलट, जमीन तयार ठेवून चांगल्या ओलीची वाट पाहणारा शेतकरी काही आळशी नसतो. आपले कष्ट करून झाल्यावर तो देवावर भरवसा ठेवतो. संत एकनाथांच्या चरित्रात अशाच धीराचे दर्शन घडते.

नाथांचा जन्म सोळाव्या शतकात गोदातीरी पैठण येथे, संत भानुदासांच्या कुळात झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आजोबांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे ज्ञानाच्या ओढीने ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. तेथे हिशेबात एका पैचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी रात्रभर वह्या तपासल्या व चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी आख्यायिका आहे.

गुरूंच्या आज्ञेने नाथांनी संसार थाटला. पत्नी गिरिजाबाई त्यांना अनुरूप होत्या. नाथांनी धर्माचे ज्ञान मराठीतून सांगितले आणि अस्पृश्य मानलेल्यांना जवळ केले. त्यामुळे कर्मठ मंडळी संतापली. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकत होता. नाथ प्रत्येक वेळी न रागावता परत स्नानास गेले व अखेर तोच खजील झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

परंतु परक्याचा अपमान गिळण्यापेक्षा घरातला विरोध सोसणे अधिक कठीण असते. नाथांचे पुत्र हरिपंडित हे संस्कृतचे विद्वान होते. वडिलांचे मराठीतून पुराण सांगणे न रुचल्याने ते काशीला निघून गेले. नाथ त्यांना आणावयास गेले व मराठीतून पुराण न सांगण्याची त्यांची अट मान्य केली. परत आल्यावर हरिपंडित पुराण सांगू लागले. श्रोते मात्र कमी होत गेले. नाथांनी मुलाला दोष दिला नाही की दिलेला शब्द मोडला नाही. शेवटी मुलाचेच मन पालटले आणि त्याने वडिलांना पुन्हा पुराण सांगण्याची विनंती केली, असे चरित्रकार सांगतात.

मग धीर म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे काय? मुळीच नाही. नाथांनी कोणावर हात उगारला नाही, पण विरोधाला भिऊन आपले कार्यही सोडले नाही. १५७३ मध्ये त्यांनी काशी येथे मराठी भागवत पूर्ण केले. ज्ञानेश्वरीत जवळजवळ तीनशे वर्षांत अनेक अपपाठ शिरले होते. निरनिराळ्या प्रती ताडून १५८४ मध्ये त्यांनी ती शुद्ध केली. असे काम उतावळ्या माणसाच्या हातून होणे नाही.

१५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. त्या तिथीला आजही पैठणला वारकऱ्यांचा मेळा भरतो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे आपणच पहिले आहोत. एखादा निकाल मनासारखा लागला नाही किंवा कोणी टोचून बोलले, की सारे सोडून द्यावेसे वाटते. त्या क्षणी नाथांचे स्मरण करावे. रागाच्या भरात निर्णय घेऊ नये, हातचे काम सोडू नये आणि फळाची चिंता परमेश्वरावर सोपवावी. नाथांनी आयुष्यभर हेच केले.