राजापूरची वखार आणि शिवछत्रपती

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेस, समुद्रापासून काही कोस आत, खाडीच्या शेवटच्या टोकाला राजापूर वसलेले आहे. खाडीच्या मुखाशी जैतापूर, पाठीशी सह्याद्रीचे घाट आणि घाटांपलीकडे कोल्हापूर-विजापूरचा संपन्न मुलूख, अशा मोक्याच्या जागी असलेले हे गाव सतराव्या शतकात कोकणातील अग्रगण्य बंदरांपैकी एक होते. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी मिरी आणि सुती कापड उतरत असे, खाडीतून अरबी व इराणी व्यापाऱ्यांचा माल वर येत असे. १६५० च्या सुमारास लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे आपली वखार घातली. भागधारकांच्या भांडवलावर चालणारी ही परदेशी कंपनी राजापुरात आली, राजकारणाच्या भांडणात सापडून उठली आणि तेरा-चौदा वर्षांनी पुन्हा परतली. या साऱ्या घडामोडीच्या केंद्रस्थानी शिवाजी महाराज होते. त्यांच्या पराक्रमाच्या कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहेत. उद्योग आणि राजकारण यांचा तंटा त्यांनी कसा हाताळला, हा त्यांच्या चरित्राचा भाग मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

उजाड पुण्यापासून समुद्रापर्यंत

१६३० साली शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला, त्याच सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. शहाजीराजांची पुण्याची जहागीर आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केली होती. जिजाबाईंसह बालशिवाजी पुण्यास राहावयास आले तेव्हा पडीक जमीन लागवडीस आणणे आणि परागंदा झालेली रयत परत बोलावणे हीच पहिली कामे होती. राज्य हे अखेर नांगरावर आणि बाजारपेठेवर उभे असते, हा धडा त्यांना तलवारीच्या आधी मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१६५६ साली जावळी आणि १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी हाती आल्यावर त्यांना समुद्र दिसला. बंदरांची जकात, परदेशी माल आणि आरमार या तिन्ही गोष्टींचे मोल ओळखणारा राज्यकर्ता त्या काळच्या दख्खनेत दुसरा नव्हता. दक्षिण कोकणातील बंदरे मात्र अद्याप आदिलशाहीकडे होती आणि राजापूर त्यांतील महत्त्वाचे होते.

कंपनीने घेतलेला पक्ष

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला आणि त्याच महिन्यात पन्हाळा मराठ्यांच्या ताब्यात आला. खानाच्या मालकीची गलबते दाभोळहून निघून राजापूरच्या खाडीत आश्रयास आली. त्यांच्या मागावर मराठ्यांची तुकडी आली, तेव्हा इंग्रज वखारवाले मध्ये पडले. परिणामी कंपनीचा एक अधिकारी आणि तिचा दलाल मराठ्यांच्या कैदेत पडले. हे प्रकरण काही आठवड्यांत मिटले. व्यापाऱ्याने शहाणपण शिकण्यास एवढा अनुभव पुरेसा होता.

परंतु राजापूरचा मुख्य वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन याने उलटाच मार्ग धरला. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि स्वतः महाराज गडावर अडकले होते. रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी तोफ व दारूगोळा घेऊन वेढ्यात दाखल झाले आणि इंग्रजांचे निशाण फडकावून त्यांनी गडावर गोळे डागले. आदिलशाही जिंकणार आणि जिंकणाऱ्याच्या कृपेने व्यापार वाढणार, असा त्यांचा हिशेब असावा. तो चुकला. जुलैमध्ये महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडास पोहोचले. त्यासाठी बाजीप्रभू देशपांडे यांना घोडखिंडीत प्राण द्यावे लागले. त्या रक्ताच्या हिशेबात कंपनीचे निशाणही नोंदले गेले होते.

१६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची दाणादाण उडवून महाराज कोकणात उतरले आणि मार्चमध्ये राजापुरावर आले. वखार लुटली गेली, पुरलेल्या धनाच्या शोधात तिच्या जमिनी खणल्या गेल्या आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैद झाले. त्यांतील काहींचा कैदेतच अंत झाला. उरलेल्यांना १६६३ च्या आरंभी सोडण्यात आले. कैदेतून त्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणी केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच फटकारले. कंपनीच्या मालाचे रक्षण करताना हे संकट ओढवलेले नसून, कोणी सांगितले नसता पन्हाळ्यावर निशाणासह गोळे टाकल्याचे ते फळ आहे, असे त्यांना कळविण्यात आले. कंपनीने आपल्या माणसांचा दोष इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याची उदाहरणे विरळा.

तंट्याची किंमत

शिक्षा न्याय्य होती. पण तिची किंमत एकट्या कंपनीला मोजावी लागली नाही, हेही नमूद केले पाहिजे. राजापुरातील धनिक व्यापाऱ्यांनाही त्या स्वारीची झळ बसली. वखारीसाठी कापड विणणारे, मिरी उतरविणारे, गलबते वल्हविणारे आणि दलाली करणारे यांचा एक मोठा ग्राहक नाहीसा झाला. कंपनीचा मिरीचा व्यापार दक्षिणेस कारवारकडे वळला. योगायोग असा की, त्याच १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये ती कंपनीकडे आली. मुंबई मिळण्याचा राजापूरच्या तंट्याशी काही संबंध नव्हता. परंतु राजापूरची वखार बंद असलेल्या वर्षांतच कंपनीला स्वतःचे बंदर लाभले. एकदा दुसरीकडे रुजलेले भांडवल परत आले तरी पूर्वीच्या गरजेने येत नाही, हा अनुभव राजापुराला तेव्हाच आला.

महाराजांना या नुकसानीची जाणीव होती, हे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आरमार वाढले. १६६५ चा पुरंदरचा तह, १६६६ चे आग्र्याचे संकट आणि तेथून सुटका, मग गेलेले किल्ले परत घेण्याची धडाडी, या धामधुमीतही बंदरांचा विचार सुटला नाही. कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना १६७१ साली धाडलेल्या पत्रात बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम आहे. पोर्तुगीज मुलखातील स्वस्त मीठ घाटावर गेले तर संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, असे त्यामागचे कारण स्वच्छ शब्दांत दिलेले आहे. स्थानिक उत्पादनाला संरक्षण देणारे हे धोरण आजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही परके वाटणार नाही. ज्या प्रभावळीच्या सुभ्याचा कारभार दक्षिण रत्नागिरीत चाले, तेथील सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ साली दिलेल्या आज्ञेत गरीब कुणब्यांना बैल, बियाणे व पोटाला धान्य देण्यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्चाची मुभा आहे. दिलेली मुद्दल वाढीदिढीशिवाय हळूहळू उगवून घ्यावी, असेही त्यात बजावले आहे. वखारी असोत वा नसोत, रयतेचे भांडवल राज्यानेच उभे करावयाचे, ही त्यामागील दृष्टी होती.

रायगडावरील वाटाघाटी

कंपनीला राजापूर परत हवे होते आणि महाराजांनाही कंपनीचा व्यापार हवा होता. अडसर होता तो लुटीच्या भरपाईचा आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा. १६७२ मध्ये उस्टिक, १६७३ मध्ये निकल्स असे कंपनीचे वकील रायगडावर येऊन गेले. सिद्दीविरुद्ध इंग्रजांनी मदत द्यावी अशी महाराजांची अपेक्षा होती. इंग्रज आपण केवळ व्यापारी आहोत असे सांगत आणि पावसाळ्यात सिद्दीच्या आरमाराला मुंबईत आसरा देत. तरीही बोलणी तुटली नाहीत.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तेव्हा हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील नजराणा घेऊन हजर होता आणि त्याच महिन्यात तह झाला. भरपाईची रक्कम १० हजार होन ठरली. कंपनीच्या मागणीहून ती बरीच कमी होती आणि तीही काही मालाच्या रूपाने, काही राजापूरच्या जकातीत सूट देऊन फेडावयाची होती. म्हणजे भरपाई हवी असेल तर कंपनीने राजापुरात पुन्हा व्यापार करणे भागच होते. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथे वखारींना परवानगी मिळाली आणि जकात शेकडा अडीच ठरली.

दोन गोष्टींवर मात्र महाराज अडून बसले. इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत, या मागणीवर कोणत्याही नाण्याला मनाई नाही, पण तोटा सोसून ते घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. वादळात किनाऱ्याला लागलेली गलबते मालासह परत मिळावीत, ही मागणी कोकणच्या रिवाजाविरुद्ध असल्याने नाकारण्यात आली. एकाला ही सवलत दिली तर इतर टोपीकरही ती मागतील, हा विचारही त्यात होता. सिद्दीशी समेट करण्याचा इंग्रजांचा आग्रह तर चर्चेलाही घेतला गेला नाही. पन्हाळ्यावर गोळे टाकणाऱ्यांशी चौदा वर्षांनी करार करताना जुना राग आड आला नाही आणि नव्या व्यापाराच्या आशेने प्रजेचे हितही सोडले गेले नाही.

वखार पुन्हा उघडली, पण पूर्वीचा जोम आला नाही. कंपनीचे मन मुंबईत गुंतले होते आणि भरपाईच्या वसुलीवरून कुरबुरी चालू राहिल्या. १६७९ मध्ये खांदेरी बेटावरून मराठे आणि इंग्रज समोरासमोर आले, १६८० च्या आरंभी तेथेही तडजोड झाली आणि ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत इंग्रजांनी राजापूरचा गाशा गुंडाळला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पुढे टोपीकरांविषयी जे धोरण नोंदले गेले, त्यात या अनुभवाचे सार दिसते. व्यापाऱ्यांना राज्याची शोभा मानावे, परदेशी व्यापाऱ्यांना व्यापार करू द्यावा, मात्र त्यांना समुद्रकाठी मजबूत जागा देऊ नयेत आणि त्यांचे व्यवहार राज्याच्या नजरेखाली ठेवावेत.

त्याच तालुक्यात

साडेतीन शतकांनंतर त्याच राजापूर तालुक्यातील नाणार आणि आसपासच्या गावांत वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प आखला गेला. सरकारी तेल कंपन्यांच्या जोडीला २०१८ मध्ये सौदी अरेबिया आणि अबुधाबीच्या कंपन्यांनी भागीदारीचे करार केले. सुमारे ३ लाख कोटी रुपयांची ही गुंतवणूक राज्यात एकत्र सत्तेवर असलेल्या दोन पक्षांच्या भांडणात अडकली आणि २०१९ च्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर युती जुळताना, भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूचे नाव निघाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथील सड्यावर माती-परीक्षण सुरू होताच पुन्हा संघर्ष पेटला.

आंबा-काजूच्या बागा आणि खाडीतली मासळी यांविषयी गावकऱ्यांची भीती खोटी होती, असे कोणी म्हणू नये. त्या भीतीला उत्तर देण्यासाठीच वाटाघाटी असतात. कोणती जमीन घ्यावयाची, पाणी कोठून आणावयाचे, भरपाई कशी द्यावयाची, कोणत्या अटीवर अडून बसावयाचे आणि कोणती सोडावयाची, याची कलमवार चर्चा रायगडावर झाली होती. नाणारमध्ये ती गावकऱ्यांसमोर व्हावयास हवी होती. प्रकल्प आला तो एका पक्षाचा म्हणून आणि गेला तो दुसऱ्या पक्षाचा हट्ट म्हणून. त्यामुळे त्याच्या गुणदोषांचा निर्णय गुणदोषांवर झालाच नाही. येथे कंपन्यांनी कोणाच्या गडावर गोळे डागले नव्हते, हा फरकही ध्यानात घेण्याजोगा आहे.

१६६१ च्या स्वारीचा अभिमान बाळगणे सोपे आहे. १६७४ च्या तहाचा अभ्यास करणे अवघड आहे, कारण त्यात अपमान गिळणे नाही, तसा सूड उगवणेही नाही. त्यात आहे तो चिकाटीचा हिशेब. वखार उठते तेव्हा राजकारणी आपापल्या जागी राहतात. राजापूरचा तरुण मात्र मुंबईची गाडी पकडतो, आणि ज्या भांडणापायी गावातला रोजगार गेला त्यात त्याचे मत कोणी विचारलेले नसते.