उंदराच्या सापळ्यात पकडलेला प्रकाश

इटलीतील कोमो सरोवराचे चित्र रेखाटण्याचा विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बॉट यांचा प्रयत्न १८३३ मध्ये फसला. निसर्गाने स्वतःच आपले चित्र कागदावर उमटवावे, या विचाराने त्यांना तेव्हापासून झपाटले. इंग्लंडमधील लेकॉक ॲबी या आपल्या निवासस्थानी त्यांनी मीठ व सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर प्रयोग आरंभले. मोठ्या पेटीत प्रतिमा मंद पडे आणि ती उमटण्यास फार वेळ लागे. म्हणून त्यांनी अवघ्या दोन-तीन इंचांच्या लाकडी पेट्या करवून त्यांना भिंगे बसविली. पत्नी कॉन्स्टन्स यांनी या पेट्यांना गमतीने उंदराचे सापळे म्हटले.

ऑगस्ट १८३५ मध्ये घरातीलच जाळीदार खिडकी कागदावर उमटली. आज उपलब्ध असलेले ते सर्वांत जुने निगेटिव्ह होय. परंतु टॅल्बॉट इतर संशोधनात रमले आणि शोध जाहीर करण्याचे राहून गेले. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांच्या पद्धतीची घोषणा झाली व पहिलेपणाचा मान हुकला.

दागेर यांचे चित्र मात्र एकुलते एक असे. टॅल्बॉट यांच्या निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघत. १८७७ मध्ये त्यांचे निधन झाले. पण फिल्मच्या युगातील छायाचित्रण त्यांनी दाखविलेल्या वाटेनेच चालले.