लक्ष्मीबाई टिळक : दुराव्यातून आशेकडे



जोडीदार सोडून गेला, लग्न कोर्टात संपले किंवा जमलेली सोयरीक मोडली, की घरावर एक न बोलता येणारे दुःख उतरते. आपल्या वडवणी परिसरातही अशी घरे आहेत. त्यांना आधार वाटावा म्हणून आज लक्ष्मीबाई टिळक यांची ओळख करून घेऊ या. त्या आपल्या कॅथलिक मंडळीतल्या नव्हत्या, प्रोटेस्टंट होत्या. पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्या आपल्याच वाटतात.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यात झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक, की घरात येणारा जिन्नस धुऊन घेतला जाई. अकरा-बारा वर्षांच्या असताना कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. टिळक बुद्धिमान, प्रेमळ, पण लहरी. न सांगता घरातून निघून जायचे आणि मनात येईल तेव्हा परतायचे. लक्ष्मीबाईंना लिहिणे-वाचणे शिकवले तेही त्यांनीच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी पत्नीच्या कानी आली, तेव्हा तिच्या दृष्टीने संसार संपला होता. त्या काळी धर्मांतर केलेल्या नवऱ्याबरोबर राहणे म्हणजे जात, माहेर, सगळेच गमावणे. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असूनही नव्हता, आणि लोकांच्या कुजबुजीला अंत नव्हता. नातलगांनी त्यांना पंढरपूरला नेले. तिथे त्या रडल्या, आजारी पडल्या, रागावल्याही. हे त्यांनी पुढे आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कुठेही लपवले नाही.

पण त्याच एकटेपणात त्यांच्या हातून कविता लिहिली जाऊ लागली. नवरा परत मिळेल याची काहीच खात्री नव्हती. त्यांचे मन हळूहळू सावरले, ते अशी खात्री नसतानाच. इकडे १८६६ च्या कायद्याने टिळकांना हे लग्न मोडून घेण्यासाठी कोर्टात जाता आले असते. ते गेले नाहीत. पत्रे येत-जात राहिली.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नवऱ्याजवळ आल्या. पण आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. पुढे राहुरीत त्यांना स्वतःलाच पटले की जातिभेद माणसाने केला, देवाने नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत न जाता त्या आपल्या पायांनी प्रभूकडे आल्या. पुढे या दांपत्याने अनेक अनाथ मुलांना आपल्या घरात आसरा दिला.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ही ताटातूट मात्र कायमची होती. प्रभू येशूच्या जीवनावरचे ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. जेमतेम दहाएक अध्याय झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहून ते पूर्ण केले. शेवटच्या वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ लिहिले. त्यात टिळकांचे दोष आहेत, भांडणे आहेत, आणि पोट धरून हसावे असे प्रसंगही आहेत. कडवटपणा नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

बंधुभगिनींनो, लक्ष्मीबाईंचा संसार पुन्हा जुळला. प्रत्येकाचा जुळतोच असे नाही, आणि जिथे मारहाण किंवा छळ आहे तिथे परत जाण्याचा आग्रह कुणी धरू नये. म्हणून त्यांच्याकडून शिकायचे ते पंढरपूरच्या दिवसांतून. झालेले झाले हे मान्य करणे म्हणजे प्रेम खोटे होते असे म्हणणे नव्हे. आणि आशा म्हणजे गेलेला माणूस येईलच असा हट्टही नव्हे. प्रभूने आपल्याला अजून सोडलेले नाही आणि हातात काही काम उरले आहे, एवढा विश्वास पहिल्या दिवसापुरता पुरतो.

आपल्या धर्मग्रामात असे कुणी एकटे पडले असेल, तर त्याला दोष कुणाचा हे विचारू नका. मिस्सानंतर त्याच्याजवळ थांबा, घरी चहाला बोलवा. पंढरपुरात लक्ष्मीबाईंच्या वाट्याला कुजबूज आली. आपल्या शेजाऱ्याच्या वाट्याला सोबत येऊ द्या.

प्रभूची शांती आपणा सर्वांबरोबर असो.