मृत्यूच्या दारातून परतलेला साहित्यिक : डोस्टोव्हस्की

मानवी जीवनाला काही अर्थ आहे काय, हा प्रश्न फार प्राचीन आहे. ऋषिमुनींनी तो विचारला, तत्त्वज्ञांनी विचारला आणि दुःखाने पोळलेल्या सामान्य माणसानेही तो आपल्या मनाशी विचारला. परंतु ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ बुद्धीने न शोधता ज्याने ते स्वतःच्या आयुष्याचे मोल देऊन शोधले, असा एक थोर साहित्यिक एकोणिसाव्या शतकात रशियात होऊन गेला. त्याचे नाव फ्योदोर मिखाइलोविच डोस्टोव्हस्की.

रशियात तेव्हा रूढ असलेल्या जुन्या पंचांगाप्रमाणे ३० ऑक्टोबर १८२१ रोजी मॉस्को येथे त्याचा जन्म झाला. वडील गोरगरिबांच्या एका रुग्णालयात डॉक्टर होते आणि कुटुंब त्याच आवारात राहत असे. त्यामुळे रोगजर्जर, निर्धन माणसांचे चेहरे त्याने बालपणापासूनच पाहिले. १८३७ मध्ये आईचे छत्र हरपले; दोनच वर्षांनी वडीलही वारले. पीटर्सबर्ग येथील लष्करी स्थापत्य विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. परंतु त्याचे मन नकाशांत व मोजमापांत रमेना. १८४४ मध्ये त्याने नोकरीचा राजीनामा दिला. १८४६ मध्ये 'गरीब माणसे' ही त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. बेलिन्स्की ह्या श्रेष्ठ टीकाकाराने तिची मुक्तकंठाने स्तुती केली आणि चोवीस वर्षांचा हा तरुण एका रात्रीत प्रसिद्धीच्या शिखरावर जाऊन बसला.

त्या काळी रशियात झारची निरंकुश सत्ता होती आणि शेतकरी भूदास्यात पिचत होता. पेत्राशेव्हस्की नावाच्या गृहस्थाच्या घरी काही सुशिक्षित तरुण जमत व समाजसुधारणेची चर्चा करीत. डोस्टोव्हस्कीही तेथे जात असे. १८४८ मध्ये युरोपात ठिकठिकाणी क्रांतीचा वणवा पेटल्यामुळे झार पहिला निकोलस अत्यंत साशंक झाला होता. एप्रिल १८४९ मध्ये ह्या मंडळींना अटक झाली. बेलिन्स्कीचे एक निषिद्ध पत्र बैठकीत वाचून दाखविले, हा डोस्टोव्हस्कीवरील आरोपांपैकी एक प्रमुख आरोप होता.

२२ डिसेंबर १८४९ ची ती गोठवणारी सकाळ! सेम्योनोव्हस्की चौकात कैद्यांना उभे करून देहदंडाची शिक्षा वाचून दाखविण्यात आली. त्यांच्या अंगावर पांढरी कफने चढविण्यात आली. पहिल्या तिघांना खांबांना बांधले; सैनिकांनी बंदुका रोखल्या. डोस्टोव्हस्की पुढच्याच तिघांत होता. आता आयुष्याची काही मिनिटेच उरली, असे तो समजून चुकला. इतक्यात नगारे वाजले आणि झारने शिक्षा सौम्य केल्याचे जाहीर झाले. हा सारा देखावा आधीच ठरलेला होता! खांबाला बांधलेल्यांपैकी एकाच्या मनावर तर ह्या आघाताने कायमचा परिणाम झाला. डोस्टोव्हस्कीने मात्र त्याच दिवशी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. जीवन ही केवढी मोठी देणगी आहे, ह्याची जाणीव त्याला त्या चौकात झाली होती.

त्यानंतर चार वर्षे सायबेरियातील ओम्स्क येथे सक्तमजुरी त्याच्या वाट्याला आली. पायांत बेड्या, भोवती खुनी व दरोडेखोर, आणि वाचावयास केवळ एक बायबलचा 'नवा करार'. तोबोल्स्क येथे, पूर्वीच्या राजबंद्यांच्या पत्नींनी तो त्याला दिला होता. अखेरच्या दिवसापर्यंत त्याने ही प्रत जपून ठेवली. प्रारंभी तुरुंगातील खेडूत कैदी ह्या सुशिक्षित सहबंद्याचा तिरस्कार करीत. ज्यांच्या उद्धाराच्या गोष्टी आपण दिवाणखान्यात केल्या, ती माणसे आपल्याला मुळीच ठाऊक नाहीत, हे त्याला तेथे कळून आले. हळूहळू त्याच रांगड्या माणसांत त्याला माणुसकीचे झरे आढळले. हे अनुभव त्याने पुढे 'मृतांच्या घरातील आठवणी' ह्या ग्रंथात नमूद केले.

तुरुंगवासानंतरची सैन्यातील सक्तीची चाकरी संपवून १८५९ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला, तेव्हा तरुणांच्या तोंडी एक नवा विचार होता. तुर्गेन्येव्हच्या १८६२ मधील 'पिता आणि पुत्र' ह्या कादंबरीने त्या विचाराचे नाव सर्वतोमुखी केले. ते नाव म्हणजे 'निहिलिझम'. लॅटिन भाषेत 'निहिल' म्हणजे 'काही नाही'. आपण त्याला शून्यवाद म्हणतो. परंतु नागार्जुनाच्या बौद्ध शून्यवादाहून तो सर्वस्वी भिन्न आहे. धर्म, परंपरा, नीती ह्यांपैकी काहीही प्रमाण मानावयाचे नाही; बुद्धीला व उपयुक्ततेला पटेल तेवढेच खरे, अशी त्याची धारणा होती.

ह्या तरुणांचा अन्यायाविषयीचा संताप खरा होता, हे डोस्टोव्हस्की जाणत होता. एके काळी तोही त्यांच्यासारखाच होता. परंतु सारेच नाकारले तर उरते काय, हा प्रश्न त्याने धरून ठेवला. १८६६ मधील 'गुन्हा आणि शिक्षा' ह्या कादंबरीत रास्कोल्निकोव्ह हा दरिद्री विद्यार्थी असा हिशेब मांडतो की, एका निरुपयोगी सावकार म्हातारीला मारून तिच्या पैशांतून अनेकांचे भले करता येईल. हिशेब बिनचूक दिसतो. पण खून केल्यावर त्याचे अंतःकरणच त्याच्याविरुद्ध उठते. पुढे १८६९ मध्ये मॉस्कोत नेचायेव्ह नामक क्रांतिकारकाच्या टोळीने आपल्याच एका विद्यार्थी-सहकाऱ्याचा खून केला. त्या घटनेवरून डोस्टोव्हस्कीने 'पछाडलेले' ही कादंबरी लिहिली.

त्याचे स्वतःचे जीवन निष्कलंक होते असे नाही. अपस्माराचे झटके त्याला आयुष्यभर छळीत. १८६४ मध्ये पहिली पत्नी व भाऊ ह्यांचा मृत्यू झाला. भावाचे कर्ज त्याने शिरावर घेतले. त्यातच जुगाराचे व्यसन! ठरल्या मुदतीत कादंबरी न दिल्यास नऊ वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क प्रकाशकाला विनामूल्य मिळेल, असा करार त्याने केला होता. तेव्हा आन्ना ह्या वीस वर्षांच्या लघुलेखिकेच्या साह्याने त्याने अवघ्या सव्वीस दिवसांत 'जुगारी' ही कादंबरी पुरी केली. १८६७ मध्ये आन्ना त्याची पत्नी झाली व तिने त्याचा विसकटलेला संसार सावरला. १८७१ नंतर त्याने जुगाराला स्पर्श केला नाही. यहुदी व पोलिश लोकांविषयीचे त्याचे अनुदार पूर्वग्रह मात्र अखेरपर्यंत गेले नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

१८७८ मध्ये त्याच्यावर वज्राघात झाला. त्याचा अल्योशा हा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराच्याच झटक्याने गेला. शोकाकुल पिता ऑप्टिना येथील मठात गेला, तेथील वृद्ध साधूला भेटला आणि परतल्यावर आपल्या अखेरच्या महान कादंबरीच्या लेखनात गढून गेला. १८७९-८० मध्ये प्रसिद्ध झालेली ती कादंबरी म्हणजे 'कारामाझोव्ह बंधू'. निष्पाप बालके दुःख का भोगतात, हा ईश्वराविरुद्धचा प्रश्न त्यातील इव्हान विचारतो. लेखक स्वतः श्रद्धावान. तरीही त्याने प्रतिपक्षाच्या तोंडी दुबळा युक्तिवाद घातला नाही. आपल्या गेलेल्या बाळाचे नाव त्याने इव्हानच्या प्रेमळ धाकट्या भावाला दिले. हा अल्योशा इव्हानशी वाद घालून जिंकत नाही. तो दुःखितांपाशी जाऊन बसतो, त्यांची सेवा करतो. कादंबरीच्या शेवटी एका शाळकरी मुलाची अंत्ययात्रा आटोपल्यावर तो त्याच्या सोबत्यांना एकत्र करतो आणि आपल्या गेलेल्या मित्राची व परस्परांवरील स्नेहाची आठवण जन्मभर जपण्यास सांगतो.

२८ जानेवारी १८८१ रोजी डोस्टोव्हस्कीने देह ठेवला. पीटर्सबर्गच्या रस्त्यांवरून निघालेल्या त्याच्या अंत्ययात्रेत हजारो लोक सामील झाले होते आणि त्यांत विद्यार्थ्यांचे मोठाले जथे होते. ज्या तरुणांच्या विचारांवर त्याने इतके कठोर प्रहार केले, त्याच पिढीतील तरुण त्याला निरोप देण्यास आले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शंका घेणे हे पाप नव्हे. डोस्टोव्हस्कीने शंकेला कधी भ्याला नाही. परंतु शंकेपाशीच थांबलेला मनुष्य हळूहळू माणसांपासून तुटतो, हे त्याने रास्कोल्निकोव्हच्या रूपाने दाखविले. जीवनाचा अर्थ पुस्तकी हिशेबातून हाती लागत नाही. शेजारच्या माणसाचे दुःख आपले मानल्यानेच तो उमगू लागतो. मृत्यूच्या दारातून परत आल्यावर लाभलेली एकतीस वर्षे ह्या साहित्यिकाने हेच सांगण्यात वेचली.